कडूबाच्या आवाजावरचं परदेशी संगीत

मित्रांनो, जुना तर मी आहेच. ते वेगळं सांगायला नको. मी दोन खिडक्यांचा कॅसेट डेक. पैठण गेटजवळ मोबाईलची कव्हरं विकणारं एक दुकान आहे, त्याच्या माळ्यावर मी धूळ खात पडलो आहे. खाली तुमच्यासारखी मुलं येतात, कानात बोंडं खुपसतात आणि फोन सांगेल ते ऐकतात. फोन म्हणतो, 'तुम्हाला हेही आवडेल', आणि तुम्हाला ते आवडतंसुद्धा! धन्य आहे तुमची. आमच्या काळी ही शिफारस करण्याचा उद्योग माणसं करायची. ती काही फार शहाणी होती असं समजू नका. त्यांच्यातल्याच एका महाभागाजवळ माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म जपानचा. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे स्क्रू पिळले. तिथून मी दुबईला गेलो, दुबईहून कुणाच्या तरी बॅगेत लुंगीत गुंडाळून मुंबईला आलो, आणि शेवटी एसटीच्या टपावर आदळत-आपटत औरंगाबादला. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. चिकलठाण्यात भोंगे वाजत होते, वाळूजच्या माळावर रोज नवा पत्रा चढत होता आणि पैठण रोडला चितेगावपर्यंत शेतांना कुंपणं पडत होती. तिथली एक जमीन कंपनीत गेली, तिच्या पैशातून मी आलो. जमीन आप्पासाहेबांची. गाळाही आप्पासाहेबांचा. पाटीवर नाव मात्र त्यांच्या पुतण्याचं होतं, बद्रीनाथचं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. बद्रीनाथची आई सारजाबाई चितेगावहून आली की मला हळदकुंकू लावायची. दसऱ्याला मला झेंडूची माळ पडायची आणि तिच्या पाकळ्या आठ दिवस माझ्या पोटात कुजायच्या. काम विचाराल तर हमालीचं. लोक सिनेमाच्या गाण्यांची नावं आणायचे, कोरी कॅसेट द्यायचे, आणि मी डाव्या खिडकीतलं उजव्या खिडकीत उतरवायचो. एका उन्हाळ्यात एकच गाणं मी इतक्या लोकांना भरून दिलं की त्या गाण्याच्या तेराव्याचं जेवण जेवायची मला इच्छा झाली.

मग मल्हारराव आले. हे वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनियर. तिथे मशीन बसवायला कुणी जर्मन साहेब आला होता. जाताना तो कॅसेटांची एक पिशवी मल्हाररावांना देऊन गेला आणि पुढेही दरवर्षी नव्या निघालेल्या कॅसेटा पोस्टाने पाठवू लागला. त्यांच्या प्रती करायला मल्हारराव दुकानात आले. त्या कॅसेटांत गाणारं कुणी नव्हतं. नुसती विजेची वाद्यं, मशीनचे आवाज, लांबच लांब सूर आणि मध्ये शांतता. बद्रीनाथने अर्धा तास ऐकलं, डोळे मिटले, आणि त्या दिवसापासून हा दहावी नापास माणूस प्रायोगिक संगीताचा जाणकार झाला.

दुकानाबाहेर फळा लागला. वर ठळक अक्षरांत 'या आठवड्याची शिफारस', आणि खाली बद्रीनाथने स्वतः मराठीत आणलेलं नाव. 'तळघरातला वारा'. 'लोखंडी पहाट'. 'काचेचं शेत'. पुढे दोन ओळी स्तुतीच्या. त्यात 'अवकाश' हा शब्द नसेल तर तो आठवडा फुकट गेला असं त्याला वाटायचं.

आता मी ते सगळं ऐकलेलं आहे, आणि तेही बद्रीनाथसारखं डोळे मिटून नाही, तर डोक्याला फीत घासून. तेव्हा माझंही मत ऐका. 'तळघरातला वारा' म्हणजे चाळीस मिनिटांचा कंटाळा. पहिली दहा मिनिटं बरी आहेत. पुढे वाजवणाऱ्याला थांबायचं कसं ते सुचलेलं नाही. 'लोखंडी पहाट'मध्ये मशीनचा ताल आहे म्हणून आमचे लोक हुरळून गेले. अरे, चिकलठाण्याच्या गेटवर सकाळची पाळी सुरू होताना उभे राहा, याहून चांगला ताल फुकट मिळेल! 'काचेचं शेत' मात्र खरोखर चांगली कॅसेट. बारीक किणकिणणारे सूर, लांबून येणारे, आणि सुरांमध्ये भरपूर मोकळी जागा. कुठे सापडली तर दुपारी, शटर अर्धं ओढून, एकट्याने ऐका. कुणाला सांगायला जाऊ नका. सांगितलं की माणूस बद्रीनाथ होतो.

कारण तो सांगायचा, आणि कुणालाही सांगायचा. जेजुरीची गाणी मागायला आलेल्या सोनाजी धनगराला त्याने 'तळघरातला वारा' ऐकवला. सोनाजी बिचारा तासभर ऐकत बसला. शेवटी म्हणाला, "शेठ, आवाज लई भारी हाय. पर गाणं कवा सुरू व्हनार?" एका वधूपित्याला तर त्याने वरातीसाठी 'लोखंडी पहाट' घ्या म्हणून गळ घातली. तो माणूस हात जोडून म्हणाला, "बद्रीशेठ, नवरी भिऊन मांडवातून पळंल हो!"

शनिवारी संध्याकाळी बैठक भरायची. मल्हारराव, कॉलेजचे दोघे-तिघे सर आणि बद्रीनाथ. त्यांच्यासाठी पाच स्टुलं होती, ती इतर दिवशी एकावर एक रचून ठेवलेली असायची. चहा यायचा आणि माना हलायला लागायच्या. एरवी 'व्हय', 'नाय' बोलणारा बद्रीनाथ शनिवारी 'निश्चितच' म्हणायचा! एकदा मल्हाररावांच्या पिशवीत चुकून एक कोरी कॅसेट आली. माझं अर्थिंग सुटलेलं होतं, त्यामुळे स्पीकरमधून नुसतं हुंऽऽ वाजत राहिलं. पंडितांनी अर्धा तास ते हुंऽऽ ऐकलं. मराठीचे सर म्हणाले, "यात एकटेपणाचा फार खोल विचार आहे." सोमवारी ते फळ्यावर चढलं, 'एकाच सुराचं घर' या नावाने. चार जणांनी प्रती मागितल्या, आणि मी त्या भरूनही दिल्या. हसता येत नाही, याचं दुःख मला त्या एका सोमवारी झालं.

बद्रीनाथचं आवडतं वाक्य एकच होतं. "हे संगीत कुणाला भीत नाही. मीही भीत नाही." हे कुठे म्हणायचा? त्या गाळ्यात, चहा पिताना. बाहेर नामांतराची वर्षं चालली होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून मोर्चे निघत, देऊ नये म्हणूनही निघत. मोर्चा कुणाचाही असो, घोषणा कानावर आली की पैठण गेटला पहिलं शटर पडायचं ते आमचं. मी अंधारात बसायचो आणि हा निर्भय माणूस माझ्या मागे, वायरींमध्ये. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, दुसरं काय!

पुढे चौऱ्याण्णवच्या जानेवारीत निर्णय झाला. बाबासाहेबांचं नाव लागलं, पण जुन्या नावाला जोडून. त्याला नामविस्तार म्हणाले. वस्त्यावस्त्यांत सभा ठरल्या, आणि गावात पुन्हा काही पेटेल का म्हणून दुकानदार दबकून बसले. त्याच आठवड्यात एका सकाळी द्वारकाबाई दुकानात आली.

ती पडेगावची. वाळूजला मल्हाररावांच्याच कारखान्यात डबे भरायच्या कामावर होती. हातरुमालात गुंडाळलेली कॅसेट तिने माझ्यासमोरच्या काउंटरवर ठेवली.

"भाऊ, ह्याच्या दोन प्रती करून द्या."

"कशाची आहे?"

"माझ्या माणसाची. कडूबाची. नामांतराची गाणी हायेत त्याची." ती सगळं एका दमात सांगत गेली. "अठ्ठ्याहत्तर सालच्या दंगलीत गावातलं घर जळालं आमचं. तवा पडेगावला आलो. चौदा वर्सं गायला त्यो ह्या नावासाठी. दोन वर्सं झाली त्याला जाऊन, नाव काय बघायला मिळालं नाय. उद्या सभा हाय, तिथं त्याचा आवाज लावायचाय. घरचा टेप लई जुना, फीत खातोय. एकच हाय ही, एकाच बाजूला भरलेली. पुसू नये म्हनून कोपराबी मोडून ठिवलाय."

कॅसेटचा पाठीमागचा छोटा कोपरा मोडला की माझं लाल बटण दाबलं जात नाही, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. तेवढी काळजी तिने घेतली होती.

बद्रीनाथने रस्त्याकडे पाहिलं. "दुसऱ्या दुकानात नाही विचारलंत?"

"सगळी फिरले. कुनी म्हनतं मशीन बिघडलंय, कुनी म्हनतं लाइट नाय. मल्हारराव सायेब म्हनले, बद्रीशेठकडं जा, त्यो कुनाला भेत नाय."

झालं! शेठची छाती फुगली. "बाई, कला ही कला असते. ठेवा. संध्याकाळी या."

"म्या थांबते की हितंच. बसते एका बाजूला."

बद्रीनाथ त्या स्टुलांकडे बघून म्हणाला, "बसायला जागा नाही हो. संध्याकाळीच या." ती थोडा वेळ पायरीखाली उभी राहिली. मग गेली.

त्याने कॅसेट माझ्या डाव्या खिडकीत घातली आणि आवाज बारीक करून लावली.

मित्रांनो, मी चांगलं बोलायला तयार झालेला प्राणी नाही. पण त्या दिवशी मी जे वाजवलं त्याला तोड नव्हती. कडूबा पत्र्याच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर कामाला होता. त्याने ढोलकी घेतलेली नव्हती. भंगारातल्या जाड पत्र्यावर तो लोखंडी सळीने ठोके देत होता, प्रेस जसा पडतो तसे, सावकाश, वजनदार. दोन ठोक्यांच्या मध्ये तो अचानक थांबायचा. इतका वेळ थांबायचा की वाटावं, गाणं संपलं. मागे कुणीतरी खोकायचं, एखादं भांडं वाजायचं, आणि मग त्याचा आवाज यायचा, भसाडा, उघडा, कुणाची भीडभाड न ठेवणारा. एका गाण्यात तर नुसती जळालेल्या घरांच्या मालकांची नावं होती. नाव, ठोका. नाव, ठोका. जर्मन साहेबाच्या अख्ख्या पिशवीत असं धाडस नव्हतं. त्या सगळ्या वर्षांत या शहरात एकच नवी, खरी प्रायोगिक कॅसेट निघाली होती, आणि ती एका बाईने हातरुमालात बांधून आणली होती. मला फळ्यावर लिहिता आलं असतं तर मी तीच शिफारस लिहिली असती.

बद्रीनाथलाही ते कळलं होतं. ते मला माफ करता येत नाही. त्याच्या हातावर काटा आला होता, तो मी पाहिला. "अरे बापरे," एवढंच तो म्हणाला, शुद्धही नाही, अशुद्धही नाही.

गाणं संपलं, कडूबा गप्प झाला, फीत अजून फिरत होती आणि दारात जीप थांबली. आप्पासाहेब उतरले.

"काय रं बद्री, कुनाचा आवाज व्हता ह्यो? काय लावलंय?"

साधा प्रश्न होता. त्यात राग नव्हता. पण बद्रीनाथचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "काय नाय, आप्पा. जुनी कॅसेट हाय कुनाची तरी. पुसायला काढलीया."

आणि आपण बोललो तेच करतोय असं दिसावं म्हणून त्याने काय केलं ऐका. कॅसेट डावीकडून काढली. मोडलेल्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली. दुकानदारांची ती जुनी युक्ती, म्हणजे लाल बटण पुन्हा दाबलं जातं. फीत सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून कॅसेट उजव्या खिडकीत घातली. डावीकडे हाताला लागली ती 'काचेचं शेत' घातली, आणि दोन्ही बटणं दाबली.

उजव्या खिडकीत मी आधी पुसतो आणि मग लिहितो. माझी रचनाच तशी आहे.

तुम्हाला वाटेल, आप्पासाहेबांनी दरडावलं असेल. छे! ते खुर्चीत बसले, चहा मागवला आणि पुतणीच्या लग्नासाठी सनईची कॅसेट काढून ठेव म्हणाले. मग कापसाबद्दल बोलले. गुडघ्याबद्दल बोलले. माझ्याकडे त्यांनी पुन्हा बघितलंसुद्धा नाही. बद्रीनाथला फक्त एक बोट उचलायचं होतं. थांबायचं बटण माझ्या उजव्या कोपऱ्यात, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. त्याने नाही दाबलं. कॅसेटची ती अख्खी बाजू संपली, मी आपणहून खट् करून थांबलो, आणि तेव्हा आप्पासाहेब उठले. जाताना म्हणाले, "चहा ग्वाड झाला व्हता."

इतका भेकड माणूस मी पाहिला नाही. धमकी मिळून वाकणाऱ्याची निदान कीव तरी येते. याला कुणी वाकायलाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी द्वारकाबाई आली. तिने नवा हातरुमाल आणला होता, प्रती बांधून न्यायला.

"बाई," बद्रीनाथ म्हणाला, "कॅसेट फार खराब होती. आवाज उडून गेला होता. मी पुष्कळ प्रयत्न केला." तो बोलतच राहिला. आणि मग त्याच्या तोंडून सवयीने निघालं. "मी त्यावर एक दुसरं संगीत भरून दिलंय. परदेशी आहे. फार उच्च दर्जाचं. तुम्हाला शांत वाटेल."

शिफारस! ज्या बाईच्या नवऱ्याचा आवाज पुसला, तिला शिफारस! मला हात असते तर मी माझी वायर याच्या गळ्याभोवती गुंडाळली असती.

द्वारकाबाई म्हणाली, "लावा."

त्याने लावली. बारीक किणकिण सुरू झाली. ती काउंटरला टेकून, मान खाली घालून ऐकत होती. मग सुरांमधली मोकळी जागा आली, आणि त्या शांततेत, खूप खोलवर, ठोका पडला. आणखी एक पडला. त्याच्यामागे पुसटसा, भिंतीपलीकडून यावा तसा, भसाडा आवाज.

कारण विचाराल, तर साधं आहे. कॅसेट पुसणारा माझा भाग स्पिरिटने पुसून स्वच्छ ठेवावा लागतो. 'अवकाश' लिहिण्यात गुंतलेल्या या माणसाने तो कित्येक वर्षांत पुसला नव्हता. मळ साचला होता. मी पूर्ण पुसूच शकलो नाही. आत्मवृत्तं सांगणारे सगळे म्हणतात, माझी काळजी घेतली नाही हो! मी म्हणतो, बरं झालं, घेतली नाही.

द्वारकाबाईने डोळे वर केले. ती रडली नाही. "हाय त्यो," ती म्हणाली. "हाय हितं. तुमी त्याच्यावर माती लोटलीया."

"बाई, ते तांत्रिक..."

"काढा ती. द्या हिकडं."

तिने कॅसेट नव्या रुमालात बांधली. चिकटपट्टी नखाने खरवडून काढली, ती बद्रीनाथच्या काउंटरवर चिकटवली आणि ती निघून गेली.

नंतरचं मला बैठकीत कळलं. सभेत तिने तीच कॅसेट लावली होती, आवाज पूर्ण वाढवून. मल्हारराव तिथे गेले होते. शनिवारी ते आले तेच मुळी भारावून. स्वतःचंच 'काचेचं शेत' त्यांनी ओळखलं नव्हतं, आणि बाईला इकडे आपणच पाठवलं होतं हेही ते विसरले होते. "बद्रीनाथ, काय ऐकलं मी! वर ते काचेसारखे सूर, आणि खालून एका मेलेल्या माणसाचा आवाज वर येतोय. शेकडो माणसं श्वास रोखून बसली होती. एक म्हातारी उठून भोंग्याला कान लावून उभी राहिली. असला प्रयोग जगात कुणी केला नसेल! कुणी केला असेल रे हा?"

सर म्हणाले, "यात स्मृतीचा फार खोल विचार आहे."

आणि बद्रीनाथ, ज्याने हे केलं होतं, तो काय म्हणाला? म्हणाला, "निश्चितच."

त्या कॅसेटची प्रत बैठकीला हवी, असं ठरलं. मल्हाररावांनी द्वारकाबाईला निरोप दिला. पुढच्या शनिवारी पाळी सुटल्यावर ती आली, दुकानाबाहेर फळ्याजवळ उभी राहिली. बद्रीनाथ खडू घेऊन तयारच होता.

"बाई, प्रत द्या. मी पुढच्या आठवड्याची शिफारस हीच लिहिणार आहे. अख्ख्या शहराला कळू दे."

"देते की," द्वारकाबाई म्हणाली. "आदी ल्ह्या."

"काय लिहू?"

"कडूबाचं नाव ल्ह्या. गायला कोन, ते. आन् त्याच्या खाली, पुसलं कुनी, त्येबी ल्ह्या. मग कॅसेट तुमची."

मल्हाररावांनी बद्रीनाथकडे बघितलं. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. बद्रीनाथ फळ्याकडे वळला आणि त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कडूबा'. अक्षर चांगलं होतं त्याचं, तेवढं मान्य करतो. मग त्याचा खडू फळ्यावर टेकला आणि टेकलेलाच राहिला. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. आम्ही सगळे वाट बघत होतो. द्वारकाबाई तर अशी उभी होती, की तिला दुसरं कामच नाही.

शेवटी तो हळूच म्हणाला, "बाई, आज एवढंच राहू द्या. बाकीचं मी नंतर लिहितो. गाळा आप्पांचा आहे. समजून घ्या."

द्वारकाबाई पुढे झाली. तिने पदराचा शेव हातात घेतला आणि आपल्या नवऱ्याचं नाव फळ्यावरून स्वतः पुसून टाकलं, काना-उकारसुद्धा शिल्लक ठेवला नाही.

"अर्धं नको," ती म्हणाली. "अर्धं आमाला लई मिळालं." आणि कॅसेट घेऊन ती पडेगावच्या रस्त्याला लागली.

मित्रांनो, असल्या कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तूंना जपा असं सांगायची रीत आहे. मला जपू नका. मला उद्या भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात एखाद्या माणसाचा आवाज एकाच कॅसेटमध्ये, एकाच फोनमध्ये उरला असेल, आणि त्याची प्रत करायला तो कुणाच्या हाती द्यावा लागला, तर तो माणूस किती गोड बोलतो ते ऐकत बसू नका. संध्याकाळी या म्हणाला तरी जाऊ नका. तिथेच उभे राहा, आणि त्याच्या बोटांवर नजर ठेवा.